विषाणूचं पोचट बी : सर्दी-तापाच्या रोगाला अर्धवट विषाणू कसा अडवतो, त्यामागचं गणित काय?

मुखेड : थंडी सुरू झाली की तालुक्यात घरोघर खोकला सुरू होतो. एकाच घरात दोन लेकरं एकदमच तापाने फणफणतात. एक तीन दिवसांत अंगणात खेळायला लागतं, दुसऱ्याला मात्र धाप लागते आणि त्याला घेऊन नांदेड गाठायची वेळ येते. घर तेच, पाणी तेच, रोगही तोच. मग फरक कुठं पडला?

याची कारणं बरीच आहेत. वय, अंगातली ताकद, आधीचा आजार, चुलीचा धूर, लस घेतली की नाही, हे सगळं त्यात येतं. पण शास्त्रज्ञ गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं आणखी एका कारणाचा माग काढत आहेत. ते कारण विषाणूच्याच पोटात दडलेलं आहे. विषाणूचीच काही पिल्लं अर्धवट जन्माला येतात, आणि ही अर्धवट पिल्लं चांगल्या विषाणूचं कामच बिघडवतात. हे कधी घडतं, किती घडतं आणि रुग्णाला त्याचा फायदा कधी होतो, हे समजून घ्यायला गणित लागतं. तेच इथं सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे.

अर्धवट विषाणू म्हणजे काय?

विषाणू स्वतःहून वाढू शकत नाही. त्याच्याकडे फक्त आपल्यासारखा दुसरा कसा बनवायचा याची लेखी सूचना असते. तो आपल्या नाकातल्या, घशातल्या, फुफ्फुसातल्या पेशीत शिरतो, तिथली यंत्रणा ताब्यात घेतो आणि त्या सूचनेच्या नकला काढायला लावतो. काही तासांत त्या एका पेशीतून शेकडो, हजारो नवे विषाणू बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींना धरतात.

नकला घाईघाईत निघतात, त्यामुळे चुका होतात. फ्लूच्या विषाणूची सूचना आठ तुकड्यांत असते. त्यातल्या लांब तुकड्यांची नक्कल करताना कधी कधी मधला मोठा भाग गळून जातो. सुरुवात आणि शेवट तेवढा शिल्लक राहतो. इंग्लंडमधल्या वॉरविक विद्यापीठात अशा एका अर्धवट विषाणूचा खूप अभ्यास झाला आहे. त्याचा मूळ तुकडा २,३४१ अक्षरांचा, आणि बिघडलेला तुकडा फक्त ३९५ अक्षरांचा. म्हणजे सहातले पाच हिस्से गायब.

असा विषाणू बाहेरून धडधाकट दिसतो. पेशीला चिकटतो, आतही शिरतो. पण एकट्याने त्याला काहीच जमत नाही, कारण सूचनाच अपुरी. पोचट दाण्यासारखं आहे हे. वरून शेंग भरलेली दिसते, पेरलं तर उगवत नाही.

खरी गंमत पुढं आहे. त्याच पेशीत एखादा चांगला विषाणू असला, तर हा अर्धवट विषाणू त्याच्या यंत्रावर आपली नक्कल काढून घेतो. तुकडा छोटा असल्यामुळे त्याच्या नकला झपाट्याने निघतात. चांगल्याची एक निघेपर्यंत याच्या कितीतरी निघतात. माल चांगल्याचा, मजुरी चांगल्याची आणि पिल्लं अर्धवटाची. अमरवेल जशी दुसऱ्याच्या रसावर वाढते आणि त्या झाडालाच वाळवते, तसाच हा प्रकार. म्हणून इंग्रजीत याला 'डिफेक्टिव्ह इंटरफिअरिंग पार्टिकल' म्हणतात. स्वतः बिघडलेला आणि दुसऱ्याच्या कामात आडवा येणारा कण, असा त्याचा अर्थ.

अंड्यातून लागलेला शोध

फ्लूचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवायला कोंबडीची उबवणीची अंडी वापरतात. १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि १९५० च्या दशकात डेन्मार्कचे शास्त्रज्ञ प्रेबेन फॉन मॅग्नस हेच काम करत होते. त्यांना एक उलटी गोष्ट दिसली. एका अंड्यातला द्रव पातळ न करता दुसऱ्या अंड्यात, तिथून तिसऱ्यात टाकत गेलं की रोग करणारा विषाणू वाढण्याऐवजी कमी होत जायचा. तोच द्रव भरपूर पातळ करून टाकला की विषाणू जोमाने वाढायचा.

जास्त बी टाकलं तर पीक कमी, थोडं टाकलं तर पीक जास्त! दाट पेरणी केली की सोयाबीन नुसती उंच वाढते आणि शेंगा कमी लागतात, हे शेतकऱ्याला माहीत आहे. पण तिथं झाडं आपसात पाणी-उजेडासाठी भांडतात. इथं कारण वेगळं होतं. पातळ न केलेल्या द्रवात अर्धवट विषाणूंची गर्दी झालेली असायची, आणि तेच चांगल्यांना खाली ओढायचे.

पुढे १९७० मध्ये ॲलिस हुआंग आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की हे फक्त अंड्यातलं नवल नसावं. आजार किती चढतो आणि कधी उतरतो, यातही अर्धवट विषाणूंचा हात असू शकतो. बाल्टिमोर यांना पुढे १९७५ मध्ये विषाणूंवरच्याच दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं.

एक हजार घरांचा हिशेब

आता गणिताकडे येऊ. समजा एक हजार घरांचं गाव आहे. घर म्हणजे पेशी. गावात २० चांगले विषाणू आणि २० अर्धवट विषाणू आले, आणि ज्याला जे घर सापडेल त्यात तो शिरला. चांगला विषाणू ज्या घरात शिरला, तिथंच एखादा अर्धवट विषाणूही असण्याची शक्यता किती? हिशेब केला तर जवळपास १०० मध्ये २. म्हणजे दोघांची गाठ पडतच नाही. चांगला विषाणू बिनधास्त वाढतो. अर्धवट विषाणू रिकाम्या घरात पडून राहतो आणि काही न करता संपतो.

आता त्याच हजार घरांत १,००० चांगले आणि १,००० अर्धवट विषाणू आले असं धरा. आता चांगल्याला त्याच घरात अर्धवट भेटण्याची शक्यता १०० मध्ये ६३ होते. दोन्ही २,००० झाले तर १०० मध्ये ८६. आता बहुतेक घरांत अर्धवटाचंच राज्य.

(हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. खऱ्या फुफ्फुसात पेशी कितीतरी जास्त असतात. पण नियम हाच.)

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, अर्धवट विषाणूला काम करायला गर्दी लागते. दुसरी, गर्दी होईपर्यंत वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात चांगला विषाणू हात धुवून घेतो. विषाणू एका फेरीत दहापट होतो असं धरलं तर १० चे १००, मग १,०००, मग १०,०००, मग १,००,०००. अर्धवट विषाणू एक फेरी उशिरा जागा झाला, तर दहापट जास्त शत्रूशी गाठ पडते. दोन फेऱ्या उशीर म्हणजे शंभरपट. सगळा खेळ वेळेचा आहे.

करडईवरचा मावा आणि ढालकिडा

ज्यांनी करडई किंवा ज्वारी केली आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. आधी मावा पडतो. मावा वाढला की त्याला खाणारा ढालकिडा वाढतो. ढालकिडा वाढला की मावा घटतो. मावा घटला की ढालकिड्याला खायला उरत नाही, तोही कमी होतो. मग मावा पुन्हा डोकं वर काढतो.

चांगला आणि अर्धवट विषाणू यांचंही असंच चालतं. अर्धवट विषाणू चांगल्याच्या जिवावर जगतो. चांगला संपत आला की याचंही दुकान बंद. मग चांगल्याला मोकळीक मिळते, आणि तो पुन्हा वाढतो. १९९४ मध्ये कर्कवुड आणि बँगहॅम या संशोधकांनी हे समीकरणात मांडलं. त्यांना दिसलं की काही वेळा वर-खाली अशा ठरावीक लाटा येतात, आणि काही वेळा आकडे इतके वेडेवाकडे हलतात की पुढचा अंदाजच लागत नाही. २०१३ मध्ये जर्मनीतल्या मॅग्डेबर्ग इथं मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी मोठ्या भांड्यात पेशी वाढवून त्यात फ्लूचा विषाणू सतत वाढवत ठेवला. तिथंही विषाणू स्थिर राहिला नाही, लाटा आल्याच. कागदावरचं गणित भांड्यात खरं ठरलं.

लस बनवणाऱ्यांना याची फार काळजी घ्यावी लागते. भांड्यात अर्धवट विषाणू माजले की लसीसाठी लागणारा माल कमी निघतो.

हे 'मॉडेल' म्हणजे नेमकं काय?

कोरोनाच्या काळात टीव्हीवर रोज 'मॉडेल' हा शब्द ऐकू यायचा. मॉडेल म्हणजे शेतीच्या जमाखर्चाची वही समजा. पहिल्या रकान्यात निरोगी पेशी, दुसऱ्यात रोगट पेशी, तिसऱ्यात चांगले विषाणू, चौथ्यात अर्धवट विषाणू. दर तासाला कुठल्या रकान्यात किती जमा झाले आणि किती वजा झाले, याचे नियम लिहायचे. निरोगी पेशीला चांगला विषाणू भेटला की ती रोगट. दोन्ही भेटले की त्यातून निघणार ते बहुतेक अर्धवट. अंगातली संरक्षण यंत्रणा दोघांनाही रोज थोडं थोडं साफ करणार. मग संगणकाला सांगायचं, पुढच्या दहा दिवसांची वही भर.

ही पद्धत आपल्या राज्याला परकी नाही. साथीच्या गणिताचा पाया मानला जाणारा निबंध १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी लिहिला. आपलं समीकरण खरं आहे का हे तपासायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबईच्या प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या दर आठवड्याच्या मृत्यूंचे. मॅकेंड्रिक हे भारतात नोकरी केलेले डॉक्टर होते, आणि कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेलेली होती. मुंबईत माणसं मेली, त्यांची नोंद झाली आणि त्या नोंदीतून जगाला साथ मोजायचं गणित मिळालं. याच प्लेगच्या काळात, १८९७ मध्ये, साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये राज्यात कोरोनासाठी तोच कायदा लावला गेला.

त्या वेळी रकाने माणसांचे होते. निरोगी किती, आजारी किती, बरे झालेले किती. आता तेच रकाने एका माणसाच्या फुफ्फुसातल्या पेशींसाठी मांडले जातात, एवढाच फरक.

चोर आला रे, अशी आरोळी

अर्धवट विषाणूचं आणखी एक काम आहे आणि ते कदाचित जास्त मोलाचं आहे. त्याच्या मोडक्या-तोडक्या सूचना पेशीला लगेच परक्या वाटतात. चांगला विषाणू गुपचूप काम करतो, आणि हा मात्र भांडी पाडतो. पेशी सावध होते आणि 'इंटरफेरॉन' नावाचं रसायन बाहेर सोडते. ते मिळालं की शेजारच्या पेशी दारं लावून घेतात.

रात्री गावात चोर शिरला आणि पहिल्याच गल्लीत कुणी आरोळी ठोकली तर गाव वाचतं. अर्धं गाव लुटून झाल्यावर आरोळी उठली तर नुसताच गोंधळ होतो. अंधारात लोक एकमेकांनाच काठ्या मारतात. फुफ्फुसातही तसंच. उशिरा उठलेल्या आरोळीने सूज वाढते, आणि रोगापेक्षा सुजेनेच माणूस जास्त बेजार होतो.

रुग्णांमध्ये काय दिसलं?

२००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, हे अनेकांना आठवत असेल. त्याच साथीच्या विषाणूवर स्पेनमधल्या संशोधकांनी काम केलं आणि २०१७ मध्ये ते छापलं. ज्यांना साधा त्रास झाला आणि जे गंभीर झाले किंवा दगावले, अशा रुग्णांचे विषाणू त्यांनी ताडून पाहिले. गंभीर रुग्णांच्या विषाणूत अर्धवट सूचनांचं प्रमाण कमी निघालं. म्हणजे ज्यांच्या अंगात पोचट बी कमी होतं, त्यांना रोगाने जास्त धरलं.

दुसरा रोग लहान लेकरांचा, आरएसव्ही. दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्या मुलांना हा विषाणू एकदा तरी भेटून जातो. बहुतेकांना सर्दी होऊन बरं वाटतं, काही तान्ह्यांना मात्र छाती भरून दम लागतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील कॅरोलिना लोपेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये यावर महत्त्वाचा अभ्यास छापला. स्वतःहून तयार झालेल्या मोठ्या माणसांना देखरेखीखाली हा विषाणू देऊन त्यांच्या नाकातला स्राव रोज तपासला होता. ज्यांच्यात अर्धवट विषाणू लवकर आणि थोडाच काळ दिसले, त्यांना त्रास कमी झाला. ज्यांच्यात उशिरा दिसले किंवा बरेच दिवस दिसत राहिले, त्यांना जास्त झाला. दवाखान्यात दाखल झालेल्या लेकरांमध्ये तर अर्धवट विषाणू सापडणं हे जास्त गंभीर आजाराशी जोडलेलं निघालं.

म्हणजे 'अर्धवट विषाणू चांगला' एवढं म्हणून भागत नाही. लवकर आला तर राखणदार, उशिरा आला तर फक्त रोग फार वाढल्याची खूण. हजार घरांचा हिशेब आणि आरोळीचं उदाहरण इथं एकत्र येतं. म्हणूनच हे काम डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही, त्याला वेळेचं गणित लागतं.

याचं औषध होईल का?

प्रयत्न सुरू आहेत. वॉरविकच्या त्याच अर्धवट विषाणूने प्रयोगशाळेत उंदरांना फ्लूपासून वाचवलं आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या ग्लॅडस्टोन संस्थेत लिऑर वाइनबर्गर यांच्या गटाने कोरोनाविरुद्ध मुद्दाम अर्धवट सूचना तयार केली. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं की नाकातून एकदा दिल्यावर हॅमस्टर या प्राण्याच्या फुफ्फुसातला विषाणू आणि सूज दोन्ही कमी झाले.

यात एक मोठा फायदा आहे. साध्या औषधाला विषाणू काही काळाने दाद देईनासा होतो, जशी बोंडअळी फवारणीला दाद देईनाशी झाली. अर्धवट विषाणू मात्र चांगल्याच्याच यंत्रावर चालतो. त्याला टाळायचं तर चांगल्याला स्वतःचं यंत्रच बदलावं लागेल, आणि ते सोपं नाही.

अडचणीही आहेत. किती द्यायचं, कधी द्यायचं, उशिरा दिलं तर सूज वाढेल का, हे सगळं आधी गणितात आणि मग माणसांवरच्या चाचण्यांत तपासावं लागतं. सध्या सर्दी-तापासाठी असलं औषध कुठल्याही मेडिकलवर मिळत नाही. उद्या कुणी व्हॉट्सॲपवर 'विषाणू खाणारा विषाणू' म्हणून थेंब विकायला लागला, तर ती फसवणूक समजा.

लसीशी याची गल्लत करू नका. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूसाठी नाकातून द्यायची लस आणली होती. तिच्यात कमकुवत केलेला पण पुरा विषाणू होता. गोवराच्या लसीतही तसाच असतो. ही लस अंगाला रोगाची ओळख करून देते. अर्धवट विषाणू थेट त्या विषाणूच्या वाढीत आडवा येतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

आपल्या घरात याचा उपयोग काय?

पहिली गोष्ट, चाचणीच्या आकड्याबद्दल. कोरोनात 'सीटी व्हॅल्यू किती' यावरून लोक घाबरायचे किंवा निर्धास्त व्हायचे. ती चाचणी विषाणूच्या सूचनेचा एक तुकडा शोधते. तो तुकडा जिवंत विषाणूचा आहे, मेलेल्याचा की अर्धवटाचा, हे तिला कळत नाही. म्हणून नुसत्या आकड्यावरून आजार किती मोठा हे ठरवू नये. रुग्णाकडे बघावं.

दुसरी, सलाईन आणि अँटिबायोटिकचा हट्ट. अँटिबायोटिक जिवाणूवर चालतं, विषाणूवर नाही. चांगला असो की अर्धवट, कुठल्याच विषाणूला ते शिवत नाही. डॉक्टरांनी गरज नाही म्हटलं तर आग्रह धरू नये.

तिसरी, वेळ. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून साधारण दोन-तीन दिवसांतच सगळ्यात जास्त होतो. ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं, त्याचं कारण हेच. गरोदर बाई, दम्याचा किंवा साखरेचा रुग्ण, म्हातारं माणूस आणि तान्हं लेकरू यांनी 'बघू दोन दिवस' म्हणू नये.

लेकराचा श्वास घरीच मोजता येतो. लेकरू शांत असताना त्याच्या पोटाकडे बघत पुरा एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर लगेच दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, लेकरू दूध ओढत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा ते सुस्त पडून राहत असेल, तर रात्र असली तरी थांबू नका. १०८ ला फोन करा. मोठ्या माणसाच्या बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ९४ च्या खाली दाखवत असेल, तरी तसंच.

अंगात अर्धवट विषाणू किती तयार होतील हे कुणाच्याच हातात नाही. एका फेरीचा उशीर म्हणजे दहापट, हा हिशेब मात्र घरातल्या माणसांनाही लागू आहे. फुफ्फुसातली आरोळी वेळेवर उठली नाही, तरी घरातली वेळेवर उठू शकते.